पाणी चढत होतं, आलेख उतरत होता

पंचगंगेची पातळी फूट आणि इंचांत मोजतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण पातळीची बातमी आता बऱ्याच ठिकाणी माणूस लिहीत नाही, सॉफ्टवेअर लिहितं. एका फुटात बारा इंच असतात हे त्या सॉफ्टवेअरला कुणी सांगितलेलं नसेल तर ऐन पुरात काय होतं, ते मी जुलैतल्या एका संध्याकाळी आमच्या दैनिकाच्या डिजिटल डेस्कवरून पाहिलं.

चारच्या सरकारी बुलेटिनमध्ये पातळी ४२ फूट ९ इंच होती, पाचच्या बुलेटिनमध्ये ४२ फूट १० इंच. तासाला इंचभर म्हणजे चढ संथच. पण राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले, पंचगंगेला मिळणाऱ्या कुंभी-कासारीच्या खोऱ्यात पाऊस सुरूच आणि धोका पातळी अवघ्या दोन इंचांवर. नेमकं त्याच वेळी एका न्यूज पोर्टलचं कार्ड व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागलं: पंचगंगा ओसरू लागली, पातळी ४२.९ वरून ४२.१ फुटांवर. सोबत सुबक आलेख, रेघ खाली वळलेली, शेजारी हिरवा बाण.

आमच्या ग्रुपवर पहिला शेरा पडला, 'फेक आहे.' तसं ते नव्हतं. आकडे सरकारी बुलेटिनमधलेच होते, कुणी खोडसाळपणा केला नव्हता, म्हणूनच ते जास्त गंभीर होतं.

बुलेटिनमध्ये पातळी फुटांची आणि इंचांची खूण घालून लिहिलेली असते. मजकूर वाचणाऱ्या प्रोग्रॅमनं त्या खुणेच्या जागी टिंब दिलं. ४२ फूट ९ इंचाचे झाले ४२.९ आणि ४२ फूट १० इंचाचे झाले ४२.१०. पुढे तो आकडा स्प्रेडशीटमध्ये गेला. दशांश चिन्हानंतरच्या शेवटच्या शून्याला तिथं किंमत नसते, त्यामुळे ४२.१० चे ४२.१ झाले. मथळा करणाऱ्या साच्यात नियम साधा होता: नवा आकडा आधीच्यापेक्षा लहान असेल तर 'ओसरली', मोठा असेल तर 'वाढली'. मशीननं नियम चोख पाळला. खरं तर ४२ फूट १० इंच म्हणजे दशांशात ४२.८३ फूट. धोका पातळीला दोन इंच उरले असताना कार्ड पाहणाऱ्याला जवळजवळ अकरा इंच उरल्यासारखे दिसत होते.

या चुकीचा स्वभाव ओळखून ठेवण्यासारखा आहे. शून्य ते नऊ इंचांपर्यंत आलेखाची दिशा बरोबर असते, फक्त प्रमाण चुकतं. ते कुणाच्या डोळ्यावर येत नाही. घोटाळा होतो दहा आणि अकरा इंचांना, म्हणजे प्रत्येक पूर्ण फुटाच्या तोंडाशी. ३८ फूट १० इंचांना आणि ४२ फूट १० इंचांना. आठवडाभर बिनबोभाट चाललेली यंत्रणा इशारा आणि धोका पातळीच्या नेमकी आधी उलटं बोलते. कोरड्या दिवसांत घेतलेल्या चाचणीत हे सहज सापडत नाही.

नदीकाठच्या आंबेवाडीहून एका वाचकाचा फोन आला. "दादा, हिकडं पाणी चढायलंय आणि मोबाईलवर उतरायलंय कसं?" त्यांना निर्णय घ्यायचा होता तो जनावरांचा. चिखली-आंबेवाडीत माणसं तासाभरात बाहेर पडतील, पण गोठ्यातल्या म्हशी हलवायच्या, टेम्पो मिळवायचा, वैरण भरायची आणि हे सगळं रस्ता पाण्याखाली जायच्या आत. घबराट पसरवणाऱ्या अफवेवर आम्ही सगळे तुटून पडतो. पण 'पाणी उतरलं' ही अफवा पुरात जास्त घातक, कारण ती माणसाला घरात बसवते.

खंडन करताना नुसतं 'ते कार्ड चुकीचं आहे' म्हणून भागत नाही. वाचकानं दोन्हींतलं कुणाचं का मानावं? म्हणून कसबा बावड्याकडच्या प्रतिनिधीला राजाराम बंधाऱ्यावरच्या मोजपट्टीचं चित्रीकरण करायला सांगितलं. एका फोटोवर पातळी ठरवता येत नाही. पुराच्या पाण्याला लाट असते, ती पट्टीवर इंच-दोन इंच वरखाली होते. फोटो लाटेच्या माथ्यावर पडला की एक आकडा, खळग्यात पडला की दुसरा. त्यामुळे मिनिटभराचा सलग व्हिडिओ, आणि त्यातली वरची-खालची पातळी पाहून मधला आकडा घ्यायचा. टॉर्च पट्टीवर समोरून मारली की ओल्या रंगावर चकाकी येऊन अंक दिसत नाहीत, ती बाजूनं तिरकी धरायची. सुरक्षित जागेवरूनच झूम करायचं, बंधाऱ्याच्या दिशेनं एक पाऊलही पुढं टाकायचं नाही. आणि व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवायचा नाही, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा. साधा पाठवला की तो दाबून लहान होतो आणि फाइलमधली वेळेची-ठिकाणाची माहिती गळून पडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली मूळ फाइल तशीच येते. वाचकांनी पाठवलेल्या चित्रफितीही आम्ही याच पद्धतीनं परत मागवतो. खरोखर स्वतः घेतलेली असेल तर माणूस लगेच पाठवतो. 'ग्रुपवर आली होती' म्हणाला की ती फीत बाजूला पडते आणि तिच्यातली स्थिरचित्रं काढून ती आधी इंटरनेटवर कुठं आली होती याचा शोध सुरू होतो. २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या असंख्य फिती अजून फिरत असतात. जागा खरी, पाणी खरं, फक्त वर्ष जुनं.

बुलेटिनची नोंद, मोजपट्टीचा व्हिडिओ आणि नियंत्रण कक्षाला केलेला फोन, तिन्ही जुळल्यावर आमचं कार्ड गेलं. त्यात पातळी शब्दांत: बेचाळीस फूट दहा इंच, वाढ सुरू, धोका पातळीला दोन इंच कमी. वेळ कोपऱ्यात टाकली नाही, आकड्याच्या मागेच मोठ्या फिकट अक्षरांत छापली. कोपऱ्यातली वेळ लोक कापून टाकतात, मुद्दाम नव्हे, स्टेटसला नीट बसावं म्हणून. मग पाच वाजताचं कार्ड मध्यरात्री 'आत्ताचं' होऊन फिरतं. सोबत अर्ध्या मिनिटाची ध्वनिफीत, कारण गोठ्यात दोन्ही हात गुंतलेला माणूस कार्ड वाचत नाही, ऐकतो.

इकडे शिवाजी पुलावरून चाललेलं आमचं लाइव्ह मात्र अडखळत होतं. पाणी बघायला अख्खं कोल्हापूर पुलाजवळ येतं आणि प्रत्येकाचा फोन वर धरलेला. एकाच टॉवरवर एवढे फोन चढले की व्हिडिओ वर पाठवायचा वेग कोसळतो, त्यात वीज गेली की टॉवर बॅटरीवर. अशा वेळी चित्राचा दर्जा उतरवत बसण्यापेक्षा लाइव्ह बंद करून मजकूर आणि आवाज पाठवलेला बरा. प्रेक्षकसंख्या घटते, म्हणून हा निर्णय कुणाला घ्यावासा वाटत नाही.

सहाला पातळी ४२ फूट ११ इंच, सातला बरोबर ४३ फूट. त्या पोर्टलच्या आलेखात ४२.१ नंतर ४२.११ आणि मग एकदम ४३. आता तीच यंत्रणा उलट बाजूला झुकली: तासात जवळपास फूटभर वाढ! प्रत्यक्षात वाढ एकाच इंचाची. त्या मथळ्याच्या जोरावर तासाभरात एक ध्वनिफीत आली, प्रशासनातल्या एका अधिकाऱ्यांसारखा आवाज: राधानगरीचे सातही दरवाजे उघडल्यानं पन्नास हजार क्युसेक (म्हणजे सेकंदाला तितके घनफूट) पाणी सुटलंय, दोन तासांत शहरात पोचेल. फितीवर दुहेरी बाण होता, म्हणजे ती पाच किंवा त्याहून जास्त हात फिरून आलेली.

आवाज बनावट आहे का हे सांगणारी साधनं आहेत, पण व्हॉट्सअ‍ॅपवर दाबल्या गेलेल्या आवाजात त्यांना हवे ते बारकावे उरत नाहीत आणि त्यांनी दिलेल्या टक्केवारीवर मी बातमी उभी करणार नाही. इथं गणित पुरेसं होतं. एका स्वयंचलित दरवाजातून १,४२८ क्युसेक, सातही उघडले तर ९,९९६. वीजगृहातून सुटणारे सुमारे दीड हजार धरले तरी साडेअकरा हजारांच्या आसपास. शिवाय राधानगरी ते कोल्हापूर रस्त्यानंच पन्नास किलोमीटरच्या आसपास, भोगावती नदीच्या वळणांनी आणखी जास्त. पाणी ताशी सहा-सात किलोमीटरनं धावलं तरी सात-आठ तास लागतात. अधिकाऱ्यांच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण होऊन फोन लावला, त्यांनी फीत आपली नसल्याचं सांगितलं. खुलासा लिहिताना हे सगळं गणित त्यात मांडलं. 'अफवांवर विश्वास ठेवू नका' या वाक्यानं कुणालाही झोप लागत नाही. एका दरवाजातून किती पाणी येतं हे कळलं की पुढची फीत वाचक स्वतःच तपासतो.

त्या पोर्टलच्या संपादकांना चूक कुठं आहे ते कळवलं, त्यांनी कार्ड काढलं. लोकांच्या फोनमधलं अर्थातच निघालं नाही. आमच्याकडे आता फूट आणि इंच दोन वेगळ्या रकान्यांत भरतात आणि आतला हिशोब एकूण इंचांत होतो: ४२ फूट १० इंच म्हणजे ५१४, धोका पातळी ५१६. इंचांच्या रकान्यात अकरापेक्षा मोठा आकडा आला, तासात सहा इंचांहून जास्त फरक दिसला किंवा चढाचा उतार झाला, की कार्ड आपोआप थांबतं आणि नदी माहीत असलेल्या माणसाच्या सहीशिवाय पुढं जात नाही. आवाजावरून मजकूर करणाऱ्या प्रोग्रॅमला पातळी सांगायला बंदी आहे. गर्दीच्या गोंगाटात तो 'बेचाळीस'चे 'त्रेचाळीस' करू शकतो. जुन्या बातम्यांच्या मथळ्यांत वर्ष घालायचं काम अजून चालू आहे. 'पंचगंगा पातळी आज' असं शोधणाऱ्याच्या पुढ्यात २०२१ ची बातमी येऊ नये, यासाठी २०१९ पासूनची एकेक बातमी उघडून ते करावं लागतंय.