दमट गावाला जाताना बॅगेत काय भरावे

मे महिन्यात नागपुरातून कोकण, गोवा आणि केरळकडे निघणाऱ्या कुटुंबांच्या बॅगा बहुधा नागपूरच्या उन्हाच्या हिशेबाने भरलेल्या असतात. ४५ अंश सोसणाऱ्या माणसाला रत्नागिरीच्या ३३-३४ अंशांचे काय वाटणार, असा आपला समज असतो. पण तिथे पोहोचल्यावर पहिल्याच दुपारी जीव नकोसा होतो आणि अंगावरचे कपडे संध्याकाळपर्यंत ओलेच राहतात.

घामाची वाफ झाली तरच शरीर थंड होते. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून निघून जाते. आपल्याकडे मे महिन्यातील दुपारी हवा इतकी कोरडी असते की घाम दिसण्यापूर्वीच उडून जातो. कूलर चालतो तोही याच कारणाने, आणि ओला दुपट्टा डोक्याला बांधून निघालेल्या माणसाला गारवा मिळतो तोही यामुळेच. समुद्रकाठच्या हवेत बाष्प आधीच भरपूर असल्यामुळे घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. तिथे घट्ट बांधलेल्या दुपट्ट्याखाली माणूस आणखीच गुदमरतो. उन्हासाठी छत्री किंवा रुंद काठाची टोपी न्यावी आणि अंगाला वारा लागू द्यावा.

कपडे सुती असावेत, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु जीन्सही सुतीच असते आणि दमट हवेत तिच्याइतका त्रास क्वचितच कुठला कपडा देतो. एकदा भिजली की ती दोन-दोन दिवस वाळत नाही. म्हणून सुताबरोबर वीणही पाहावी. कापड उजेडासमोर धरल्यावर त्यातून प्रकाश झिरपला पाहिजे, आणि कपडा अंगापासून थोडा सुटा राहील इतका सैल असला पाहिजे. मलमल, पातळ खादी आणि लिनन या कसोटीला उतरतात. कांजी केलेले कापड कडक होते आणि त्यातून हवा कमी खेळते, म्हणून प्रवासाच्या कपड्यांना कांजी करू नये. खेळाडू वापरतात ते पॉलिस्टरचे टी-शर्ट पाणी फारसे शोषत नाहीत आणि लवकर वाळतात, हे खरे. मात्र त्यांना घामाचा वास फार लवकर धरतो, त्यामुळे रोज धुण्याची तयारी असेल तरच ते न्यावेत.

कपडा किती वेळात वाळतो, हे आपल्याला मे महिन्यात कळणार नाही. नागपूरच्या गच्चीवर तेव्हा चादरसुद्धा पाहता पाहता वाळते. ही परीक्षा श्रावणात, झड लागलेली असताना घ्यावी: संध्याकाळी धुऊन पंख्याखाली टाकलेला जो कपडा सकाळी कोरडा मिळतो, तोच समुद्रकाठी कामाचा. असे कपडे वेगळे काढून ठेवले की पुढच्या उन्हाळ्यात बॅग भरताना विचार करावा लागत नाही.

अंतर्वस्त्रे आणि बनियन यांच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. दिवसातून दोनदा बदलता येतील इतके जोड न्यावेत, कारण काखेत आणि जांघेत ओलावा साचून राहिला की घामोळे येते आणि गजकर्णासारखा बुरशीचा त्रास सुरू होतो. लहान मुले आणि मधुमेह असलेली वडीलधारी मंडळी यांची याबाबत विशेष काळजी घ्यावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. जाड टर्किश टॉवेल घरीच ठेवावा. दोन पंचे न्यावेत. अंग पुसायला ते पुरतात, शिवाय धुतलेला कपडा पंच्यात गुंडाळून पिळला की त्यातले बरेच पाणी निघून जाते.

एसी डब्यासाठी एक पातळ शाल पुरेशी आहे. परतताना घामाने ओलसर असलेले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नयेत, कारण नागपूरपर्यंतच्या लांबच्या प्रवासात त्यांवर बुरशीचे काळे ठिपके पडू शकतात आणि ते पुढे धुऊनही सहजी जात नाहीत. ते कपडे सुती पिशवीत, तोंड उघडे ठेवून आणावेत.