निकाली की बरोबरीत: जी-वन क्लायमॅक्स समजून घेताना

जपानी व्यावसायिक कुस्ती म्हणजे काटेरी तारा आणि स्फोट, अशीच माझी कित्येक वर्षे समजूत होती. आत्सुशी ओनिता यांनी 1989 मध्ये एफएमडब्ल्यू ही संस्था काढली आणि पुढच्याच वर्षी टोकियोत दोरांच्या जागी स्फोटक काटेरी तारा लावून ते लढले. त्या लढतींच्या छायाचित्रांपलीकडे मी काही पाहिलेच नव्हते. ही समजूत 9 जून 2018 रोजी ओसाका-जो हॉलमध्ये झालेल्या काझुचिका ओकाडा आणि केनी ओमेगा या मल्लांच्या लढतीने मोडली. मी तिचे चित्रण घरी लावले, तेव्हा कोल्हापूरच्या खासबाग मैदानात आयुष्यभर कुस्त्या पाहिलेले माझे वडील शेजारी बसले होते. त्यांनी एवढेच विचारले, "कुस्ती निकाली हाय का?" म्हणजे हार-जीत होईपर्यंत चालणारी आहे का.

मला उत्तर देता आले नाही आणि ते शोधण्यातच माझा पुढचा दीड महिना गेला. ही लढत न्यू जपान प्रो-रेसलिंग (एनजेपीडब्ल्यू) या संस्थेच्या तेव्हाच्या सर्वोच्च, आयडब्ल्यूजीपी हेवीवेट पट्ट्यासाठी होती आणि त्या पट्ट्याच्या लढतीला साठ मिनिटांची मर्यादा असे. आदल्या वर्षी 11 जूनला याच हॉलमध्ये हे दोघे पूर्ण साठ मिनिटे लढले होते आणि कुस्ती बरोबरीत सुटली होती. म्हणून या वेळी वेळेची मर्यादाच काढून टाकली आणि तीनपैकी दोन वेळा प्रतिस्पर्ध्याला हरवेल तो विजयी, असे ठरले. म्हणजे ती खरोखरच निकाली होती, आणि 720 दिवस ओकाडाकडे असलेला पट्टा त्या दिवशी ओमेगाकडे गेला. व्यावसायिक कुस्तीत निकाल आधी ठरलेला असतो हे मी जाणतो. पण नियम ठाऊक नसेल तर त्या निकालात काय पणाला लागले होते हेच कळत नाही, असे माझे स्पष्ट मत झाले.

याच संस्थेची जी-वन क्लायमॅक्स ही साखळी स्पर्धा 14 जुलैला सुरू होणार होती. एनजेपीडब्ल्यू वर्ल्ड या संस्थेच्या प्रक्षेपण सेवेची वर्गणी तेव्हा महिन्याला 999 येन होती आणि ती कॅलेंडरच्या महिन्याप्रमाणे आकारली जाई, त्यामुळे मी 1 जुलैपर्यंत थांबलो. माझे कार्ड परदेशी व्यवहारांसाठी बंद होते. शाखेत दोनदा जाऊन अर्ज दिल्यावर ते सुरू झाले.

मग वही घातली. वीस मल्ल, दहा-दहांचे दोन गट, प्रत्येकाच्या नऊ लढती, विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. दहा उभ्या आणि दहा आडव्या रकान्यांचा तक्ता प्रत्येक गटासाठी आखला आणि रोज पेन्सिलीने भरू लागलो. जपानची घड्याळे साडेतीन तास पुढे असल्याने तिथला संध्याकाळी साडेसहाचा कार्यक्रम इकडे दुपारी तीनला लागे. मी जपानी समालोचनच ऐकत असे. त्यातले फारसे कळत नसे, पण सभागृहातील निवेदकाची एक हाक हळूहळू कानात बसली. दर पाच मिनिटांनी तो किती वेळ गेला ते सांगतो: "गोफुन केइका", पाच मिनिटे झाली, "जुप्पुन केइका", दहा झाली. या स्पर्धेत गटातील लढतींना तीसच मिनिटांची मर्यादा होती. सुरुवातीला ती हाक मला केवळ औपचारिक वाटे.

तिची किंमत 10 ऑगस्टला, टोकियोतल्या बुदोकान सभागृहात झालेल्या अ गटाच्या शेवटच्या दिवशी कळली. हिरोशी तानाहाशीचे चौदा गुण होते. तो केवळ जे व्हाईटकडून हरला होता. ओकाडाचे बारा होते. ओकाडा जिंकला असता तर गुण समान होऊन आपसातल्या लढतीच्या जोरावर तोच अंतिम फेरीत गेला असता. म्हणजे तानाहाशीला जिंकणे आवश्यकच नव्हते; तीस मिनिटे न हरणे पुरेसे होते. "निजुप्पुन केइका" ऐकू आले तेव्हा मी तक्त्याच्या त्या चौकोनावर पेन्सिल टेकवून बसलो होतो. वीस मिनिटे झाली होती आणि ओकाडाचा प्रत्येक डाव आता तानाहाशीबरोबरच घड्याळाशीही झुंजत होता. घंटा वाजली, कुस्ती बरोबरीत सुटली, आणि मी पंधरा व तेरा असे आकडे लिहिले. बरोबरी म्हणजे अपुरी राहिलेली कुस्ती, हे माझे मत त्या चौकोनात पुसले गेले.

दोन दिवसांनी तिथेच तानाहाशी आणि ब गटातून आलेला कोटा इबुशी यांची अंतिम लढत झाली. अंतिम लढतीला वेळेची मर्यादा नसते, हे मी वडिलांना आधीच सांगून ठेवले होते. "म्हंजी निकाली," असे म्हणून त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि तानाहाशीने पस्तीस मिनिटांनी इबुशीला चितपट करेपर्यंत ते जागचे हलले नाहीत. तेव्हा जी-वनच्या विजेत्याला टोकियो डोममध्ये पट्ट्यासाठी लढण्याचा हक्क मिळत असे. 4 जानेवारी 2019 रोजी तानाहाशी त्या हक्काने ओमेगासमोर उभा राहिला आणि आठव्यांदा पट्टा जिंकला, त्या दुपारी वडिलांनी विचारण्याआधीच मी सांगितले होते, "आबा, आज साठ मिनिटांची मर्यादा आहे."