उठून दाखवता का?

माझं काम म्हणजे लोकांच्या घरी जाऊन ते किती असहाय आहेत याची नोंद करायची. ऐकायला विचित्र वाटतं, आणि ते आहेच. मी पेशाने नर्स. अमेरिकेतल्या एका राज्यात मेडिकेडच्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी असलेल्या सरकारी आरोग्य योजनेच्या, पैशातून ज्यांना घरी मदतनीस किंवा नर्स मिळते, त्यांचं दरवर्षीचं मूल्यांकन मी करते. थकलेले म्हातारे आणि यंत्रांच्या आधाराने जगणारी मुलं, असे दोन्ही गट माझ्याकडे आहेत. एरवी ते वेगवेगळ्या दिवशी येतात. त्या मंगळवारी सकाळी एक आजोबा होते आणि दुपारी सहा वर्षांची एक छोटी.

आजोबा ८७ वर्षांचे. दार उघडायला स्वतः आलेले. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी. त्यांची लेक मागे उभी होती.

"आंघोळ?"

"रोज. माझी मी करतो."

"कपडे?"

"हे काय, घातलेत की!"

"स्वयंपाक? औषधं?"

"सगळं."

प्रत्येक उत्तराला लेक त्यांच्या पाठीमागून नकारार्थी मान हलवत होती. अशा वेळी मी वाद घालत नाही, घर बघते. न्हाणीघरातली फरशी कोरडी ठणठणीत, साबणाला भेगा पडलेल्या. गोळ्यांच्या डबीत रविवार आणि सोमवारचे कप्पे भरलेले. मग मी म्हटलं, "खुर्चीला हात न टेकता उठून दाखवता का?" ते हसले आणि उठायला गेले. दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा उठले, पण झोक गेला. मी कोपर धरलं तर बाहीखाली भला मोठा काळानिळा डाग.

"फ्रिजचं दार लागलं," ते म्हणाले.

"फ्रिजचं दार महिन्याभरात तीनदा लागलंय," लेक पहिल्यांदाच बोलली.

मग त्यांनी मला सरळच विचारलं, "खरं सांगा, तुम्ही मला इथून हलवायला आलात ना?"

त्यांच्या पत्नी नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथे अशक्त म्हाताऱ्यांना ठेवून सांभाळणाऱ्या संस्थेत, गेल्या त्या परत आल्या नाहीत. तेव्हापासून त्यांचा हिशेब पक्का होता: जमत नाही म्हटलं की उचलून नेणार. नियम मात्र बरोबर उलटा आहे. त्यांना आठवड्याला १८ तास मिळणारी मदतनीस ज्या कार्यक्रमातून येते, त्याची अटच अशी की माणूस नर्सिंग होममध्ये ठेवण्याइतका अशक्त असला पाहिजे. सगळं जमतं असं मी त्यांच्या शब्दांवर विसंबून लिहिलं असतं तर मदतनीस बंद झाली असती. मग काही महिन्यांत एखादं पडणं, खुब्याचं हाड, आणि ज्या जागेला ते घाबरत होते तीच जागा.

हा उलटा कारभार कुठून आला, हे आपल्याकडच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. मेडिकेड १९६५ सालचं. पैसा केंद्र आणि राज्य मिळून घालतात. पात्र माणसाला नर्सिंग होमची खाट देणं प्रत्येक राज्याला बंधनकारक आहे. पण घरी राहून आंघोळीला, जेवणाला रोजची मदत हवी असेल तर ती बहुतांशी राज्याच्या मर्जीवर. १९८१ मध्ये कायद्यात बदल होऊन राज्यांना ‘वेव्हर’ नावाची वाट मिळाली: संस्थेत जाण्याइतकी गरज असलेल्यांना घरी सेवा द्या, पण सरासरी खर्च संस्थेपेक्षा वाढता कामा नये. शिवाय जागा किती ठेवायच्या हे राज्यानेच ठरवायचं. त्या भरल्या की प्रतीक्षायादी. देशभरात अशा याद्यांवर लाखो नावं आहेत. खाटेसाठी अशी मर्यादा घालता येत नाही. गरज नसताना माणसाला संस्थेत अडकवून ठेवणं हा भेदभाव आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ‘ओल्मस्टेड’ खटल्यात सांगितलं. तरी खाट हक्काची आणि घर मर्जीचं, ही मांडणी काही बदललेली नाही.

हे सगळं मी आजोबांना सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "तुम्ही इथेच राहावं म्हणून आलेय. पण त्यासाठी तुम्हाला काय जमत नाही ते मला लिहावं लागेल."

ते बराच वेळ लेकीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "शर्टाची बटणं हिने लावली."

दुपारच्या घरात सगळं उलट. तिथे आईने माझ्यासाठी वहीच तयार ठेवली होती: कुठल्या रात्री किती वेळा सक्शन, म्हणजे नळीतला कफ ओढून काढणं, ऑक्सिजन कधी किती उतरला, अलार्म किती वाजता झाला, नर्स आली की नाही. छोटीच्या गळ्यात ट्रेकिऑस्टॉमीची, म्हणजे गळ्याला छिद्र करून श्वासासाठी बसवलेली, नळी, रात्री व्हेंटिलेटर, पोटातल्या नळीतून दूध. मंजूर आहेत आठवड्याला ५६ तास, म्हणजे रोज रात्री आठ तास नर्स. प्रत्यक्षात चार रात्री येते. मेडिकेडचा दर इतका कमी की एजन्सीला नर्स टिकवता येत नाही. हॉस्पिटल जास्त पगार देतं, त्या तिकडे जातात. उरलेल्या रात्री आईबाप आळीपाळीने जागतात आणि सकाळी कामावर जातात. मंजूर तास आणि मिळालेले तास यांतला फरक दाखवणारा रकाना आमच्या फॉर्ममध्ये नाही. मला विचाराल तर या धंद्यातली सगळ्यात महाग गोष्ट तीच आहे.

मी वही वाचत होते तेवढ्यात छोटी माझ्याजवळ आली आणि चक्क बोलायला लागली. गळ्यातल्या नळीवर बोलण्याची झडप बसवली होती. गेल्या वर्षी हे नव्हतं. आवाज थोडा घोगरा, पण शब्द स्पष्ट. शेजारच्या कुत्र्याने तिचा मोजा कसा पळवला त्याची लांबलचक गोष्ट तिने मला सांगितली. मी हसत होते आणि आई माझ्याकडे बघत होती.

"हे लिहावंच लागेल का?" तिने हळूच विचारलं.

तिची भीती मला कळत होती. २१ वर्षांखालच्या मुलाला वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक ती सेवा मेडिकेडने द्यायचीच, असा केंद्राचा कायदा आहे. पण आवश्यक काय ते कागद ठरवतो, आणि कागदावर ‘सुधारणा’ दिसली की तास कापण्याची सूचना येते. मुलीचा पहिला आवाज कुणापासून तरी लपवावा असं आईला वाटावं, हे कुठल्याही कायद्याच्या मनात नसणार. तरी घडतं.

या मुलांच्या घरी राहण्याची वाटही अशाच एका मुलीमुळे उघडली. आयोवातली केटी बेकेट, पाच महिन्यांची असताना मेंदूज्वर झालेली. घरी नेणं शक्य होतं, पण घरी नेलं की आईवडिलांचं उत्पन्न मोजलं जाणार आणि मेडिकेड बंद होणार. म्हणून ती हॉस्पिटलमध्येच. नोव्हेंबर १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी तिचं उदाहरण पत्रकार परिषदेत दिलं आणि नियमाला अपवाद झाला. ती घरी आली, मोठी झाली, अपंगांच्या हक्कांसाठी काम करत राहिली, २०१२ मध्ये वारली. आज माझ्या यादीतल्या मुलांच्या बाबतीत पालकांचं उत्पन्न बाजूला ठेवलं जातं, त्यामागे ती आहे.

मी आईला उत्तर देणार इतक्यात अलार्म वाजला. ऑक्सिजन ९६ वरून ८८, मग ८१. आईने आधी झडप काढली, सक्शनची नळी आत घातली, ती पुढे जाईना. आत चिकट कफ घट्ट बसला होता. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "खांदे धरा." मी धरले. तिने पट्टी सोडली, जुनी नळी काढली, नवी बसवली, हाताने श्वास देण्याची अंबू बॅग दाबायला लागली. छोटी रडत होती, पण झडप नसल्यामुळे तोंड उघडं आणि आवाज काहीच नाही. आकडा ८५ झाला, ९० झाला, ९५ वर थांबला. मी पुष्कळ वर्षं हॉस्पिटलात काढली आहेत. यापेक्षा सफाईने नळी बदललेली क्वचित पाहिली आहे.

आईने हात धुतले, खुर्ची ओढून बसली. "आता हेही लिहा."

लिहिलं. झडपही लिहिली. आमच्या फॉर्ममध्ये प्रत्येक गोष्टीला दोनच उत्तरं आहेत, येतं किंवा येत नाही. खाली शेऱ्यासाठी एक चौकोन असतो, बरेच सहकारी तो रिकामा सोडतात. त्या संध्याकाळी मी तो दोन्हीकडे भरून जादा पान जोडलं. छोटीबद्दल लिहिलं की ती दिवसा दोन तास झडपेवर बोलते, ते जवळ प्रशिक्षित माणूस असतो म्हणून. आज नळी बंद झाली तेव्हा असा माणूस हाताच्या अंतरावर नसता तर पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको. आजोबांबद्दल साबणापासून बटणांपर्यंत सगळं.

निर्णय आले ते असे. छोटीचे ५६ तास कायम राहिले. नर्स अजूनही चारच रात्री येते. पाचव्या रात्रीसाठी एजन्सीने एक नाव दिलं होतं, ती दुसरीकडे लागली. आजोबांचे १८ तासांचे २६ झाले, आणि आंघोळीसाठी मदतनीस सकाळी येऊ लागली.

निर्णयासोबत मूल्यांकनाची प्रत घरी जाते. ती वाचून आजोबांनी मला फोन केला. तास वाढल्याबद्दल चकार शब्द नाही. साबणाला भेगा पडल्या होत्या हे सरकारी कागदावर लिहायची काय गरज होती, एवढंच त्यांना विचारायचं होतं.