टाकीचा भोंगा: तीन रविवारांची नोंद

पहिला रविवार

गच्चीवरची १,००० लिटरची टाकी भरली की पाणी धो धो अंगणात पडतं, मग खालून आईची हाक येते, "अरे, मोटर!" तोवर दोन-तीन बादल्या तरी वाहून गेलेल्या असतात. एप्रिलात हे अगदी जिवावर येतं. म्हणून टाकी भरताच स्वयंपाकघरात वाजेल असा भोंगा करायला घेतला.

सामान पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलं: बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, बझर (हाच आपला भोंगा), करंट रोखणारे १ किलोओहमचे रेझिस्टर, ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप. सगळं मिळून शंभराच्या आत. वायर घरातलीच, जुन्या लॅन केबलमधली एक जोडी.

जोडणी अशी. वायरच्या जोडीची दोन उघडी टोकं टाकी भरली की पाण्यात बुडतील अशी वर सोडली. बॅटरीचा प्लस बझरच्या प्लसला, आणि तिथूनच पाण्यातल्या एका टोकाला. दुसरं टोक १ किलोओहममधून ट्रान्झिस्टरच्या बेसला (त्याचे तीन पाय म्हणजे कलेक्टर, बेस आणि एमिटर). बझरचा मायनस कलेक्टरला, एमिटर बॅटरीच्या मायनसला. ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पाण्यातून बेसला जेमतेम शे-दोनशे मायक्रोअँपिअर (अँपिअरचा दहा लाखावा भाग) जातात, पण ट्रान्झिस्टर त्याच्या शंभर-दोनशे पट करंट बझरमधून सोडतो. पेल्यात टोकं बुडवली आणि पहिल्याच फटक्यात वाजला!

केबल १८ मीटर लांब, तिचा काही त्रास नाही. तांब्याचा रोध चार-पाच ओहमसुद्धा भरत नाही आणि पाण्याचा असतो हजारांत.

दुसरा रविवार

या आठवड्यात खरं शिकायला मिळालं.

मोटर बंद केली तरी टाकी भरलेलीच असते, त्यामुळे भोंगा वाजतच राहतो. म्हणून बझरच्या वायरमध्ये स्विच घातला होता. आवाज थांबला, मला वाटलं काम झालं. शनिवारी झाकण उघडलं तर प्लसचं टोक हिरवं पडून झिजलेलं, मायनसचं तसंच्या तसं. बॅटरीही उतरलेली. कागदावर सर्किट पुन्हा काढलं तेव्हा चूक दिसली: बझर तोडला तरी पाण्यातून बेस-एमिटरकडे करंट चालूच होता, रात्रंदिवस. मल्टिमीटर लावला तर १८० मायक्रोअँपिअर. एवढ्याशा करंटनेही सतत एकाच दिशेने वाहून प्लसचं तांबं पाण्यात उतरवलं. आता स्विच थेट बॅटरीच्या प्लसवर आहे. तुम्ही करणार असाल तर तो पहिल्यापासून तिथेच घाला.

दुसरा घोळ ओलीचा. पाणी खाली गेल्यावरही बझर बारीक कुंईऽ करत राहायचा. दोन टोकांमधल्या प्लास्टिकवर पाण्याचा पातळ थर राहतो, त्यातून वीस-तीस मायक्रोअँपिअर झिरपतात आणि ट्रान्झिस्टर अर्धवट जागा होतो.

तिसरा रविवार

तांबं काढून सायकलच्या दोन स्टेनलेस स्पोकचे तुकडे लावले. स्टीलवर आपलं नेहमीचं कथील धरत नाही. मी अर्धा तास घालवला, तुम्ही घालवू नका. वायरिंगच्या पट्टीतल्या पितळी कनेक्टरमध्ये स्क्रूने आवळले आणि वरून एम-सील. स्पोकवर श्रिंक स्लीव्ह चढवून काडीच्या आचेवर आवळली, खालचं फक्त बोटभर उघडं ठेवलं. आता एका स्पोकवरून दुसऱ्यावर जायला ओलीला लांबचा फेरा पडतो.

शिवाय बेस आणि एमिटरच्या मध्ये १० किलोओहम टाकला. ट्रान्झिस्टर जागा व्हायला बेसवर साधारण ०.६ व्होल्ट लागतात, म्हणजे पहिले ६० मायक्रोअँपिअर हा रेझिस्टरच पिऊन टाकतो. ओलीचा करंट त्यातच संपतो, भरल्या टाकीचा पुरून उरतो. ७५ पैशांच्या रेझिस्टरने कुंई बंद झाली, याचा मला सगळ्यात जास्त आनंद आहे.

स्विच मोटरच्या बटणाशेजारीच बसवला, म्हणजे हात दोन्हीकडे एकदमच जातो. मोटरच्या विजेपासून मात्र सर्किट पूर्ण वेगळं ठेवलंय. बॅटरीऐवजी भिंतीवरचा अ‍ॅडॉप्टर लावायचा मोह मी टाळला, कारण टोकं पाण्यात आहेत.

मंगळवारी सकाळी भोंगा वाजला आणि मी खाली पोचायच्या आत आईने मोटर बंद केली होती. अंगण कोरडं.

आता बोअरच्या पाण्याचा क्षार स्पोकवर किती दिवसांत चढतो ते बघायचंय. महिन्याने १८० चा आकडा पुन्हा मोजून लिहितो.