फोटो क्र. २३ : तारीख तीस वर्षं पुढे गेली, मग निम्मी परत आली

बाकावर बसलेल्या चौघांचा हा फोटो मागच्या नोंदीत कपड्यांवरून १९२५-३० च्या खणात टाकला होता. तो अंदाज कोसळला. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली कागद निळसर पांढरा, अगदी लख्ख चमकला. फोटोपेपरमध्ये ऑप्टिकल ब्रायटनर (कागद जास्त पांढरा दिसावा म्हणून घातलेली, अतिनील उजेडात चमकणारी रसायनं) आले ते १९५० च्या दशकात. म्हणजे हा कागद त्याआधीचा असूच शकत नाही.

टॉर्चबद्दल एक सूचना : ३९५ नॅनोमीटरवाला घेऊ नका. त्याचा स्वतःचा जांभळा उजेडच परत येतो आणि प्रत्येक कागद चमकतोय असं वाटतं. ३६५, पुढे काळ्या काचेचा फिल्टर, खोली पूर्ण अंधारी, डोळ्यांवर अतिनील अडवणारा चष्मा, आणि प्रिंटवर तीन-चार सेकंद पुरे. शिवाय कसोटी एकाच बाजूने चालते : चमकला तर नंतरचा, पण नाही चमकला म्हणून जुना ठरत नाही.

पहिला संशय डागांचा. कपडे धुण्याच्या पावडरीतही ब्रायटनर असतात, त्यामुळे फडक्याने पुसलेल्या प्रिंटवर पट्टे चमकतात. इथे मात्र चमक पुढूनमागून एकसारखी. मागे शाईत ‘१९२८’ लिहिलंय, पण ते बॉलपेनने, आणि बॉलपेन बाजारात सर्रास मिळू लागलं १९४५ नंतर. तेव्हा तो आकडा कुणाच्या तरी आठवणीतला. पुरावा म्हणून त्याचं वजन कमी.

कोडं सुटलं तिरप्या उजेडात. दिवा प्रिंटच्या पातळीपासून दहा-पंधरा अंशांवर धरला. डाव्या कोपऱ्यातून जाणारी पांढरी घडी चित्रात स्पष्ट दिसते, पण पृष्ठभाग तिथे सपाट, उंचवटा नाही की इमल्शनला (कागदावरच्या चित्राच्या थराला) चीर नाही. घडी मूळ प्रिंटला पडलेली होती. हातातली प्रिंट म्हणजे त्या प्रिंटचा पुन्हा काढलेला फोटो. चेहऱ्यांच्या सावल्या काळ्याठिक्कर का, हेही त्यातून कळलं. आता दोन तारखा वेगळ्या ठेवायच्या : कॅमेऱ्याची आणि कागदाची.

कॅमेऱ्याच्या तारखेसाठी मूळ निगेटिव्हचं माप हवं. नशिबाने मूळ प्रिंटची पांढरी किनार कॉपीत चारही बाजूंनी आली आहे. किनारीच्या आतलं चित्र ५१ × ८६.५ मिमी, प्रमाण १.७०. म्हणजे रोल फिल्मच्या मापांपैकी ६×९ सेंमी बाद (प्रत्यक्षात ५७ × ८३ मिमी, प्रमाण १.४६), १२७ क्रमांकाच्या फिल्मचं आयताकृती चित्रही बाद (सुमारे १.५६). इथपर्यंत मजा आली, आणि इथेच अडलं. ११६ फिल्मचं चित्र अडीच × सव्वाचार इंच, म्हणजे १.७०, पोस्टकार्ड आकाराच्या १२२ चं सव्वातीन × साडेपाच, म्हणजे १.६९. अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीत हा फरक बुडतो. कॉपीत मूळ मोजमाप हरवलेलं असल्याने प्रमाणावरून पुढे जाता येत नाही. ११६ आली १८९९ मध्ये, १२२ आली १९०३ मध्ये, आणि दोन्ही पुढे कित्येक दशकं चालल्या. म्हणजे हाती फक्त खालची मर्यादा.

म्हणून १२०० डीपीआयने स्कॅन करून तपशील शोधले (कॉपीत ६०० च्या पुढे बहुतेक दाणाच मोठा होतो, पण खात्री केली). उजवीकडच्या तरुणाच्या मनगटावर पट्टा आणि तबकडी. मनगटी घड्याळ पुरुषांत रुळलं ते पहिल्या महायुद्धानंतर, तेव्हा १९१८ च्या आधी जायला फारसं कारण नाही. वृद्धाचे कपडे मी आता मोजणारच नाही. म्हातारी माणसं वीस वर्षांपूर्वीची फॅशन घालून बसतात. पाहायचं ते सर्वांत तरुण प्रौढाकडे आणि सर्वांत नव्या वस्तूकडे.

छोटं यश याच संचातल्या फोटो क्र. ३१ चं : समासावर छापलेला ‘जुलै ६५’ हा धुलाईचा महिना, टिपल्याचा नाही. त्याच रोलच्या पहिल्या फोटोत जाड लोकरी कपडे, शेवटच्यात बिनबाह्यांचे. रोल कॅमेऱ्यात कित्येक महिने पडून होता. क्र. ३१ आता ‘१९६४ अखेर ते जुलै १९६५’.

हे लिहितानाच सुचलं : कॉपी एकटीदुकटी क्वचितच करतात. माणसांनुसार लावलेले गठ्ठे मोडून आधी सगळा संच टॉर्चखाली चमकेनुसार लावायचा, मग क्र. २३ सारख्याच चमकेच्या प्रिंटांत सपाट घड्या शोधायच्या. त्यात एखादं मूळ किंवा त्याच बाकावरचा दुसरा फोटो निघाला, तर ११६ की १२२ हा वाद पट्टीनेच मिटेल.