एक सीट राखली, अख्खा रकाना भरला

तक्रार अशी होती: जावा भाषेत लिहिलेल्या सीट-बुकिंगच्या प्रोग्रॅममध्ये चौथ्या रांगेतली सातवी सीट राखली की सगळ्याच रांगांमधली सातवी सीट भरलेली दिसते. एक्सेप्शन (प्रोग्रॅम चालताना येणारी त्रुटी) नाही, लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या नोंदींत, अवाक्षर नाही. आधी स्क्रीन तपासली, मग डेटाबेस. दोन्ही निर्दोष निघाले.

घोळ अ‍ॅरे (ओळीने मांडलेले खाने) भरण्यात होता. १० रांगा, १२ रकाने, रिकाम्या सीटला -१. कोडचा इतिहास उलगडला तेव्हा दिसलं की सुरुवातीला ‘न्यू इंट[१०][१२]’ करून पुढे ‘अ‍ॅरेज.फिल(सीट्स, -१)’ लिहिलं होतं. हे कंपाइल होतं, म्हणजे कोड तपासून भाषांतर करणारा कंपायलर हरकत घेत नाही, आणि तेच मला अजून खुपतंय. जावात द्विमितीय अ‍ॅरे म्हणजे अ‍ॅरेंचा अ‍ॅरे. बाहेरच्या अ‍ॅरेतला प्रत्येक घटक ‘इंट[]’, म्हणजे पूर्णांकांचा अ‍ॅरे, आणि जावात तो ऑब्जेक्ट. त्यामुळे कंपायलर ऑब्जेक्टवाला ‘फिल’ निवडतो, -१ चा परस्पर ‘इंटिजर’ ऑब्जेक्ट करतो आणि पुढे जाऊ देतो. चालवल्यावर मात्र अ‍ॅरेस्टोअरएक्सेप्शन: खान्यात न बसणाऱ्या प्रकारची वस्तू टाकल्याची त्रुटी.

एवढी स्पष्ट खूण मिळूनही ती समजून घेतली गेली नाही, नुसती गप्प केली गेली. -१ ने भरलेली एकच रांग बनवून ‘अ‍ॅरेज.फिल(सीट्स, रांग)’ लिहिलं. एक्सेप्शन गेलं, पण दहाही खान्यांत त्याच एका रांगेचा संदर्भ, म्हणजे तिच्याकडे नेणारा दुवा, बसला. ही ओळ दिसायला नीटनेटकी, म्हणून रिव्ह्यूतून सुटली. टेस्टही फक्त राखलेली सीट बघत होती.

आतल्या रांगांसकट मजकूर करून देणाऱ्या ‘डीपटूस्ट्रिंग’ने छापलं तर आकडे दिसतात, पण रांगा वेगळ्या आहेत की एकच, ते कळत नाही. नुसतं सीट्स[०] छापल्यावर येणारा, एरवी बिनकामाचा वाटणारा ‘[आय@’वाला मजकूर इथे उपयोगी पडला: @ च्या पुढचं सगळ्या रांगांना सारखंच. ‘सीट्स[०] == सीट्स[१]’ ट्रू आलं, म्हणजे दोन्ही एकच रांग, आणि शंका मिटली.

दुरुस्ती छोटी: ‘न्यू इंट[१०][१२]’ तसंच ठेवून लूपमध्ये प्रत्येक रांगेवर वेगळं ‘फिल’. ‘न्यू इंट[१०][]’ करून थांबलं तर रांगा नल राहतात, म्हणजे बनतच नाहीत, आणि पहिल्याच लेखनाला नलपॉइंटरएक्सेप्शन येतं. ते परवडलं, निदान चूक कुठे आहे ते सांगतं.

हाच दोष ‘पूर्ववत करा’साठी घेतलेल्या प्रतीतही होता. ‘सीट्स.क्लोन()’ फक्त बाहेरचा अ‍ॅरे नवा करतो, आतल्या रांगा त्याच राहतात. तिथे प्रत्येक रांगेचा क्लोन घेतला. टेस्ट आता एक सीट राखून उरलेल्या ११९ खान्यांत -१ च आहे का, तेही बघते.