कुळांनी कसलेलं शेत
आज इंग्लंडमधल्या एका जुन्या धान्याच्या फार्मवर गेलो होतो, पिढ्यान्‌पिढ्या कुळंच कसत आलेली जमीन. मळणीचं ते लाकडी कोठार बघतच राहिलो... समोरासमोर दोन उंच दारं, मधे फळ्यांचं खळं, हिवाळाभर तिथे काठ्यांनी झोडपून मळणी चालायची आणि दारं उघडली की वारा आरपार, त्यावरच उफणणी! धान्याची कोठी तर अळंबीसारख्या दगडांवर उचललेली, उंदीर वर चढूच शकत नाही, काय डोकं लावलंय!! पण इमारती बहुतेक मालकाच्या, जनावरं-अवजारं-मेहनत कुळाची. कुळाने जमीन सुधारली तर भरपाई द्या हे कायद्यात आलं १८७५ ला, त्यातूनही मालक करारात पळवाट काढू शकायचा, ती बंद झाली १८८३ ला. तोवर कशाच्या भरवशावर राबली असतील ही माणसं?